भावोजी, मागची गाडी अजून जोडलेलीच आहे

भावोजी,

तुमचं ते फिरतं घर बघायला काल एक गृहस्थ आले होते. बौशरच्या प्लॉटवर, ओमानातल्या ऑगस्टच्या उन्हात, टाय लावून. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली, आत जाऊन पलंगावर बसून बघितलं, नळ सोडून बघितला. सगळं पसंत पडत होतं. मग मागच्या बाजूला आले आणि थांबलेच.

"मॅडम, ये पीछे क्या है?"

म्हटलं, गाडी आहे.

"वो तो दिख रहा है. लेकिन पीछे क्यूँ है?"

आता ह्या माणसाला काय सांगायचं? ह्याच एका प्रश्नावर आपण दोघं अख्खा हिवाळा भांडलो, आणि भांडण पुरं व्हायच्या आत तुम्ही उठून गेलात. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची सवय जुनीच म्हणा. पण पूर्वी तुम्ही चहा टाकायला उठायचात आणि परत यायचात.

तुम्ही गेल्यावर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्याबद्दल बरंच काय काय आलं. मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख. हसतमुख! तुमच्या वर्कशॉपमधल्या माणसांनी हे वाचलं असेल तर त्यांना वाटलं असेल की दुसरंच कोणीतरी गेलं. मी काही लिहिलं नाही. मेहुणीला भावोजींबद्दल चारचौघांत चांगलं बोलता येत नाही, सवयच नसते. म्हणून आता सरळ तुमच्याशीच बोलते. मध्ये बोलू नका.

ह्या सगळ्याचं मूळ ताई. म्हणजे तुम्ही म्हणाल मूळ मी, पण मूळ ताईच. यंदाच्या डिसेंबरात तुमची नोकरी संपणार, व्हिसा संपणार, फायनल एक्झिट घेऊन तुम्ही दोघं कायमचे देवरुखला जाणार हे ठरलं, तेव्हा तुम्हाला एकदम साक्षात्कार झाला की ताईने ओमान बघितलंच नाही. आधी कितीतरी वर्षं तुम्ही वाळवंटातल्या कॅम्पात आणि ती गावी सासूबाईंपाशी. मग अल् घुब्रात फ्लॅट घेतलात, ती आली, आणि तेव्हापासून तिने काय बघितलं तर फ्लॅट, भाजीबाजार, देऊळ आणि माझी शाळा. तेही शाळेच्या स्नेहसंमेलनाला. "तिला सलाला दाखवायचंय," तुम्ही जाहीर केलंत. "तिकडे पावसाळा असतो. डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं."

ताई पोळी उलटत म्हणाली, "हिरवे डोंगर बघायला मी देवरुखची सून हजार किलोमीटर वाळवंट तुडवू? ते माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसतात."

पण ताईचं खरं कारण वेगळं होतं आणि ते आपल्या तिघांनाही माहीत होतं. प्रवासात तिला बाथरूमची धास्ती. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करते, आणि पोचेपर्यंत तिचं डोकं दुखून सगळ्यांची डोकी दुखायची वेळ येते. दुसऱ्या कोणी नवऱ्याने बायकोला दोन शब्द सुनावले असते. तुम्ही बाथरूमसकट गाडी घेऊन आलात. तुमच्या कंपनीतला तो जर्मन इंजिनियर मायदेशी परत निघाला होता, त्याने त्याचं जुनं मोटरहोम तुमच्या गळ्यात मारलं. ताईने आत पहिलं पाऊल टाकलं ते थेट बाथरूमच्या दारात. फ्लश ओढून बघितला. मग म्हणाली, "बरं आहे." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू किल्ला सर केला. मला खरंच तुमचा हेवा वाटला होता, भावोजी. म्हणजे ताईचा.

आता एवढं मोठं धूड सलालापर्यंत जाईल, पण तिथे गेल्यावर वाडीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीच्या पात्रात, समुद्रावर, डोंगरावरच्या अरुंद रस्त्याने कसं न्यायचं? त्यासाठी हाताशी एक छोटी गाडी हवी. इथपर्यंत आपलं एकमत होतं. छोटी गाडी होती माझी. पांढरी, जुनी, हाताने गिअर टाकायची.

"मी येते ना मागून चालवत," मी म्हटलं. "हाय काय अन् नाय काय."

"काही गरज नाही. मागे जोडून नेऊ."

"भावोजी, मला लायसन्स आहे."

"मग?"

"पहिल्या फटक्यात मिळालंय. तुम्ही त्या ड्रमांमध्ये रिव्हर्स घेताना..."

"तो विषय नको."

तो विषय मला नेहमीच हवा असायचा. आयुष्यभर ट्रेलर दुरुस्त करणारा फोरमन, आणि लायसन्सच्या परीक्षेत ड्रमांमधून गाडी मागे घेताना एक एक ड्रम आडवा. ही गोष्ट मी तुमच्या नव्या जावयालासुद्धा सांगितली होती, लग्नाच्या मांडवात.

तुमचा हट्ट काही सुटला नाही. तिघांनी एकाच गाडीतून जायचं. का, ते सांगायचं नाही. मी विचारलं की म्हणायचात, "पेट्रोल वाचतं." मी म्हटलं, ओढायला डिझेल लागत नाही का, तर तुम्ही उठलात आणि चहा टाकलात.

मग सुरू झाला तुमचा हिच, गाडीला गाडी जोडायचा सांधा. रोज संध्याकाळी काम सुटलं की बौशरचा प्लॉट. मीही शाळा सुटल्यावर यायची. माझीच गाडी उघडीनागडी करत होतात तुम्ही, मला तिथे असणं भाग होतं. मोटरहोमच्या पोटाखाली चौकोनी पोलादी नळी वेल्ड केलीत, तिच्यात लोखंडी गोळा बसवलात. माझ्या गाडीचा पुढचा बंपर उतरवलात आणि आतल्या चासीला दोन जाड पट्ट्या ठोकल्यात. त्या पट्ट्यांपासून गोळ्यापर्यंत एक तिकोनी दांडा. दांडा निसटलाच तर दोन साखळ्या. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्या गाडीचेही ब्रेक लागावेत म्हणून त्या जर्मनाने दिलेली एक पेटी. आणि पुढचे दिवे लागले की मागचेही लागावेत म्हणून एक वायर, तिचा सॉकेट बरोबर गोळ्याच्या शेजारी. तुम्ही जमिनीवर आडवे पडून हे सगळं करत होतात आणि वर उभ्या असलेल्या मला समजावत होतात. मी हिंदीची मास्तरीण, मला त्यातलं निम्मं कळत होतं. पण इतकं खुशीत मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं, अगदी मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. म्हणून मी उभी राहायची आणि पान्हे द्यायची.

सामान आणून दिलं इब्राहिमभाईंनी. हर्णैचे, स्पेअर पार्टच्या दुकानाचे मालक, तुमचे इथले सगळ्यात जुने मित्र. त्यांनी सगळा प्रकार बघून दाढी खाजवली. "भाऊ, एवढं मोठं घर घेतलंत. आता त्याला शेपूट कशाला?"

"बाईंची गाडी आहे," तुम्ही म्हणालात.

"मग बाईंना चालवू द्या की."

"बघा!" मी म्हटलं.

"इब्राहिमभाई, तुम्ही पिन द्या," तुम्ही म्हणालात.

ताईने तर तुमची रेवडीच उडवली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. ह्यांचं बिऱ्हाड पुढे आणि पाठीला मेहुणीची गाडी." तरी तुमचे धडे तिने मुकाट पाठ केले. मागची गाडी ओढताना ती न्यूट्रलमध्ये हवी, हँडब्रेक सोडलेला हवा, चाकं वळावीत म्हणून किल्ली अर्धी फिरवलेली हवी. ती हे आरतीच्या चालीवर म्हणायची. तुम्हाला आवडायचं नाही, पण विसरली एकदाही नाही.

पोलिसांचा परवाना तुम्ही कंपनीच्या माणसाकरवी काढलात. सगळं यथासांग. आणि मग, एवढं सगळं बिनचूक झाल्यावर, तुम्ही पूजा घातलीत.

पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. नवीन गाडीची पूजा आपण करतोच. चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटला हार घालतो. पण नारळ कुठे फोडायचा असतो? दगडावर. तुम्ही म्हणालात, "दगड काय करणार आहे? खरं काम हा हिच करणार आहे," आणि हळदकुंकू लावलेल्या त्या लोखंडी गोळ्यावरच नारळ हाणलात. इब्राहिमभाई कळवळून म्हणाले, "अहो भाऊ, गंज चढेल." तुम्ही म्हणालात, गंज खोबरेलाने जातो. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, इब्राहिमभाईंनीसुद्धा. आणि नारळाचं पाणी शांतपणे बाजूच्या सॉकेटमध्ये उतरलं. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तुम्ही तर डोळे मिटून हात जोडले होते.

फेब्रुवारीत आपण ट्रायलला निघालो. निझवाच्या रस्त्याला. तुम्ही आणि ताई पुढे, मी मागच्या छोट्या टेबलाशी थालीपिठाचा डबा घेऊन. गाडी पाण्यासारखी जात होती, हे कबूल करते. ताई खिडकीतून डोंगर बघत होती आणि मध्येच म्हणाली, "हे तर बोडके आहेत," पण चांगल्या आवाजात म्हणाली. मग मागून सायरन.

तो पोलीस तरणाबांड होता आणि अतिशय नम्र. तुम्हाला सलाम केला आणि मागे गेला. मी खिडकीतून बघत होते. बॉनेटवर झेंडूचा हार घातलेली, आत कोणी नसलेली पांढरी गाडी. तुम्ही ब्रेक दाबलात की तिचा डावा इंडिकेटर लुकलुकत होता आणि डावा इंडिकेटर दिलात की वायपर. बिचारा वाकून आत बघतोय, मग मागच्या सीटवर बघतोय.

"ड्रायव्हर वेन?" त्याने विचारलं. कुठे आहे ड्रायव्हर.

तुम्ही स्वतःच्या छातीवर हात ठेवलात. "मैं."

"ये गाडी का ड्रायव्हर?"

"वो भी मैं. दोनों मैं."

त्याने तुमच्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, परवाना बघितला. हसू दाबायचा त्याने खूप प्रयत्न केला. मग म्हणाला, "अंकल, पहले लाइट ठीक करो. बाद में यल्ला." म्हणजे मग निघा. आणि पुढचा फाटा दाखवून म्हणाला, तिकडे गाव आहे, सावलीत उभे राहा.

आपण फाट्याने आत गेलो. खजुराची बाग दिसली म्हणून डावीकडे वळलो. गल्ली जरा अरुंद झाली. मी म्हटलं, भावोजी, इथेच थांबा. तुम्ही म्हणालात, "पुढे बाहेर पडायला वाट असणार." दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, एका भिंतीच्या कडेने पाण्याचा पाट वाहतोय, आणि गल्ली आणखी अरुंद. मग ती संपली. एका निळ्या दरवाजासमोर. आपल्या काचेत आणि त्या दरवाजात हातभर अंतर राहिलं होतं, तेवढ्यात दरवाजा उघडला आणि डिशडाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, घातलेले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. त्यांनी त्या धुडाकडे बघितलं आणि जरासुद्धा न गडबडता म्हणाले, "अहलन. आगे रास्ता खलास. आगे मेरा घर. आओ."

"घ्या आता रिव्हर्स," मी म्हटलं.

तुम्ही आरशात बघितलंत आणि गिअरवरचा हात काढून घेतलात.

"काय झालं?"

"असा दांडा जोडला की रिव्हर्स घेता येत नाही."

"म्हणजे?"

"मागची गाडी वाकडी होते. चाकं फिरतात."

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"गरजच पडणार नव्हती!"

ताई पुढच्या सीटवर तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

तरी तुम्ही एकदा घेऊन बघितलंतच. माझ्या गाडीने मान वाकडी केली आणि सरळ पाटाच्या दिशेने निघाली. मी ओरडले, ते गृहस्थ ओरडले, कुठून तरी बकऱ्या ओरडल्या. मग सोडवायचं ठरलं, तर दांडा तिरका ताणला जाऊन पिन अशी अडकलेली की तुमच्या हातोड्यालाही दाद देईना. त्या गृहस्थांचे भाऊ आले, शेजारी आले. शेवटी मी माझ्या स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगला बसले, चौघा पुरुषांनी गाडी पुढे रेटली, दांड्यावरचा ताण गेला आणि पिन टणकन उडून पाटात पडली. गावातल्या एकाने पाण्यात हात घालून ती काढून दिली. मी गाडी मागे घेत घेत गल्लीच्या तोंडाशी आणून लावली आणि वळून बघत उभी राहिले.

मग तुम्ही मोटरहोम मागे घेऊ लागलात. सबंध गाव दोन्ही बाजूंनी हात हलवतंय, कोणी म्हणतंय इकडे, कोणी म्हणतंय तिकडे, आणि तुम्ही कोणाचंच न ऐकता आरशात बघत मुंगीच्या पावलांनी मागे येताय. दोन्ही भिंतींना न घासता. बाहेर पडलात, उतरलात, घाम पुसलात आणि गावाला सोडून माझ्याकडेच बघितलंत. "बघितलंस?"

"बघितलं. परीक्षेला ड्रमांऐवजी भिंती ठेवायला हव्या होत्या."

भावोजी, तेव्हा तुम्ही जसे हसलात, तसेच तुम्ही मला लक्षात ठेवायचे आहात. ग्रुपवरच्या फोटोतले नाही.

त्या घरात आपल्याला कहवा प्यायल्याशिवाय कोणी सोडलं नाही. आम्हा दोघींना आत नेलं. त्या घरच्या बाईंना हिंदी येत नव्हती आणि ताईला अरबी, पण नवऱ्यांबद्दल बोलायला भाषा लागत नाही असं दिसतं. दोघी तुमच्याकडे खिडकीतून बोट दाखवून हसत होत्या. तुम्ही अंगणात बसून बाईंच्याच हेअर ड्रायरने सॉकेट वाळवत होतात, एक्स्टेन्शनची वायर त्यांच्या दिवाणखान्यातून आलेली. आणि ताई, प्रवासात पाण्याचा थेंब न घेणारी आपली ताई, कपावर कप कहवा पीत होती, खजूर खात होती. निघताना तिने त्या बाईंना सांगितलं, मराठीतच, "सलालाहून येताना परत येईन हं."

ते ऐकून तुमचे डोळे भरून आले. तुम्ही ड्रायर डोळ्यांवर धरल्यासारखं केलंत, ते मी बघितलं.

परत निघताना मी म्हटलं, आता गाडी सुटीच आहे तर मी घरापर्यंत चालवत येते मागून. त्यात गैर काय होतं? दिवे वाळले होते, पण भरवसा काय? तुम्ही दांडा उचलून जोडायला लागलात. मला राग आला. इतक्या लोकांसमोर मी म्हटलं, "भावोजी, माझी गाडी आहे. मला चालवता येते. तुम्हाला वाटतं तरी काय? मी हरवेन?"

तुम्ही पिन घातलीत, साखळी अडकवलीत, आणि वर न बघता म्हणालात, "मागून कोणीतरी एकटं येतंय, हे आरशात बघत मला गाडी चालवता येत नाही."

आई गेल्यावर मला इथे शाळेत नोकरी बघून देणारे तुम्ही. आपल्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मला जागा मिळवून देणारे तुम्ही. शाळेत पोचले की मी तुम्हाला मिस कॉल द्यायचा, नाही दिला तर तुम्ही शाळेच्या ऑफिसात फोन करून "हिंदीच्या बाई आल्या का" असं विचारायचं, आणि स्टाफरूममध्ये माझी शोभा व्हायची. लग्न न केलेल्या मेहुणीचं लोढणं वाटू शकतं माणसाला. तुम्हाला कधी वाटलं असेल तर ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत. डिसेंबरात तुम्ही दोघं गेलात की मी इथे एकटी उरणार, हे आपण तिघंही जाणून होतो, आणि त्यावर तिघांपैकी कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आपण सलालाबद्दल बोलत होतो.

हे सगळं माझ्या मनात आलं आणि मी म्हणाले, "मग आरसा काढून ठेवा."

टोला चांगला होता. तुम्हीही दाद दिलीत. मी वर चढले, छोट्या टेबलाशी बसले, आणि घरी येईपर्यंत उरलेली थालीपिठं संपवली. तुमचं ते वाक्य मात्र उत्तर न मिळता राहिलं. मी म्हटलं, सलालाच्या वाटेवर बघू, हजार किलोमीटर आहेत. वेळच वेळ.

सलालाची तारीख तुम्ही ठरवलीत, ताईने लोणच्याच्या बरण्या मोटरहोममध्ये नेऊन बसवल्या, गॅसची शेगडी पेटवून दूध उतू घालवून झालं. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "जुलैत जातोय, इन्शाल्ला." गणपतीला गावी येणार का असं गावच्या पुरोहितांनी विचारलं तरी तुम्ही इन्शाल्लाच म्हणायचात. त्या मे महिन्यातल्या सकाळी ताईने चहा पुढे ठेवला आणि तुम्ही तो घेतला नाहीत. एवढंच. डॉक्टर नंतर जे काही म्हणाले ते मी नीट ऐकलं नाही.

तुमचा फार राग आला मला. अजून येतो. ठरलेला बेत असा मोडतात का कोणी?

आता ताई देवरुखला आहे. मोरीच्या खिडकीतून हिरवे डोंगर दिसताहेत, असं परवा फोनवर म्हणाली. मी परत आले, शाळा सुरू झाली. मी टॅक्सीने जाते. माझी गाडी तुमच्या गाडीला जोडलेली आहे, आणि इब्राहिमभाई म्हणतात, "बाई, पिन काढायला येऊ का?" मी म्हणते, या, पण पुढच्या आठवड्यात. कालच्या त्या टायवाल्यांना मी सांगितलं, घर विकायचं आहे, मागची गाडी नाही. ते म्हणाले, मग सोडवून ठेवा. म्हटलं, हो. बघते.

पण मुख्य गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्हाला ती कळली नसणार, तुम्ही त्या वेळी सामानाच्या भागात होतात.

तुम्हाला गावी न्यायचं ठरलं. कंपनीने धावपळ केली, इब्राहिमभाई कचेऱ्यांच्या प्रत्येक खिडकीवर स्वतः उभे राहिले. दुपारचं विमान होतं. ताई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, आणि तुम्ही आमच्या खाली. विमान हलायच्या आधीच ताईने चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. मला वाटलं पाय दुखत असतील. वर गेल्यावरही तशीच. जेवण आलं तरी तशीच.

"ताई, पाय खाली सोड ना. अवघडतील."

"खाली हे आहेत," ती म्हणाली. "पाय कसा लावू?"

भावोजी, मला हसू आलं. खरंच आलं, आणि मग ते हसू भलतीकडेच गेलं. मी पण चपला काढल्या आणि पाय वर घेतले. तुम्ही मला मोठे. नऊवारी नेसून सत्यनारायणाला बसतात तशा आम्ही दोघी बहिणी त्या अरुंद सीटवर मांडी घालून बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि पलीकडचा माणूस पेपरच्या आडून आमच्याकडे बघत होता.

मुंबई आली. हवाई सुंदरी पट्टे तपासत आली. "मॅम, लँडिंग है, पैर नीचे रखिए."

ताई म्हणाली, "नीचे हमारे ये हैं."

तिला कळलं नाही. तिने वाकून सीटखाली बघितलं. "क्या है नीचे, मॅम? बॅग?"

"हमारे ये," ताई पुन्हा म्हणाली, अगदी शांतपणे.

मी त्या मुलीला हळू आवाजात सांगितलं. ती गेली आणि एक ब्लँकेट घेऊन आली. त्याची जाड घडी करून तिने आमच्या दोघींच्या पायांशी अंथरली. "इस पर रखिए," म्हणाली.

ताई आधी वाकली. घडी बाजूला सारून तिने विमानाच्या जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला. मीही लावला. मग आम्ही ब्लँकेटवर पाय टेकले. तिघांनी एकाच गाडीतून जायचं, एवढंच तुमचं म्हणणं होतं. गेलो, भावोजी.